कोरी प्लेट, जिवंत साल्मोनेला

अन्नप्रक्रियेच्या यंत्रांवरील स्वॅब तपासणे हे आमच्या प्रयोगशाळेतले नेहमीचे काम आहे. पण एका स्वॅबने आम्हाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली, आणि ते प्रकरण मी विसरू शकत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने निर्जंतुकीकरण झाल्यावर तो एका जोडावरील रबरी गॅस्केटखालून घेतला होता. त्यातला द्रव थेट एक्सएलडी अगारवर, म्हणजे साल्मोनेला ओळखण्यासाठीच्या निवडक माध्यमावर, पसरला, तेव्हा प्लेट कोरी राहिली. तोच नमुना बफर्ड पेप्टोन वॉटर या साध्या पोषक द्रवात ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवून पुढच्या टप्प्यांतून नेला, तेव्हा मात्र काळ्या केंद्राच्या वसाहती उगवल्या. तो अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला हा जिवाणू होता.

जिवाणू संख्येने फार थोडे असतील, ही शंका रास्त होती. म्हणून राखून ठेवलेला द्रव आम्ही सोडियम पायरुवेट घातलेल्या साध्या पोषक माध्यमावर पसरला. पायरुवेट उरलेसुरले पेरॉक्साइड नष्ट करते, आणि एक्सएलडीतील डीऑक्सिकोलेटसारखा जखमी पेशींना न सोसणारा घटक या माध्यमात नसतो. त्यावर साल्मोनेलाच्या वसाहती भरपूर आल्या, आणि त्याच वसाहती पुन्हा एक्सएलडीवर नेल्यावर जोमाने वाढल्या. म्हणजे पेशी मेलेल्या नव्हत्या. जखमी होत्या, आणि सवड मिळताच सावरल्या होत्या.

त्यांपैकी एका वसाहतीवर मी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब सोडला. क्षणात पांढरा फेस उसळला. कॅटलेझ हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते, हे आम्ही रोज पाहतो. परंतु ज्या रसायनाने त्यांना मारायचे होते तेच डोळ्यांदेखत फुकट जाताना पाहून मी अस्वस्थ झाले. पेरॉक्साइडची पेशीतल्या लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते डीएनए तोडतात; म्हणूनच साल्मोनेलाचे ऑक्सीआर हे प्रथिन पेरॉक्साइडची चाहूल लागताच कॅटलेझ वाढवते आणि डीपीएस नावाचे प्रथिनही तयार करवते, जे लोह साठवून डीएनएला झाकते. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने 1985 मध्ये ऑक्सीआरचे कॅटलेझवरचे नियंत्रण दाखवले. पेरॉक्साइडच्या सौम्य मात्रेला सामोऱ्या गेलेल्या पेशी नंतरच्या घातक मात्रेतही तगतात, हेही त्या कामातून पुढे आले होते. अपुरे निर्जंतुकीकरण मला म्हणूनच फार धोक्याचे वाटते. शिवाय गॅस्केटखालच्या दाट थरात बाहेरच्या पेशी पेरॉक्साइड संपवत राहतात, आणि आतल्यांपर्यंत त्याची मात्रा क्षीण होऊनच पोहोचते.

अहवालात आम्ही साल्मोनेला आढळल्याचे लिहिले आणि थेट प्लेटचा निकाल ग्राह्य का धरला नाही, तेही नोंदवले. जोड उघडून गॅस्केट बदलावे आणि जंतुनाशक ओतण्यापूर्वी तो थर घासून काढावा, असे त्यात सुचवले. पुढचे स्वॅब आले, तेव्हा आम्ही थेट प्लेटवर विसंबलो नाही. सगळे आधी पेप्टोन वॉटरमध्येच गेले.