आपन जिंकून गेलो !

रविवार, रात्रीचे पावणेदोन

झोप येत नाहीये. कारण इतकं फालतू आहे की बायकोला उठवून सांगितलं तर कूस बदलून "पडा आता मुकाट्यानं" एवढंच म्हणेल. म्हणून इथे लिहितोय.

झालं काय, तर भाचा हसला. बस.

शनिवारचा आमचा भंगारबाजार तुम्हाला ठाऊकच आहे, वाईटातले वाईट व्हिडिओ गेम शोधून लावायचे आणि हसायचं. कालही भरला. गराडूचे कंद तळले होते, वर जिरावन मसाला, आणि मानकरी होता बिग रिग्ज नावाचा गेम. भाचा पुण्याचा, त्याने तो कधी पाहिलाच नव्हता. इंदूरच्या सराफ्यात येऊन दहीवडा न खाता परत जावं तसं झालं हे. लावला लगेच.

२००३ सालचा गेम, ट्रकच्या शर्यतीचा. शर्यत म्हणजे काय, तर शेजारचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा, ट्रक जागचा हलतच नाही. आपण एकट्यानेच पळायचं. घरातून आरपार, झाडातून आरपार, पुलावर चढलात तर पुलातून खाली. डोंगर समोर आला तर भिंतीवर पाल चढावी तसा ट्रक सरळ वर जातो. पण खरी गंमत रिव्हर्समध्ये. पुढे जाताना वेगाला काहीतरी मर्यादा आहे, मागे जाताना कुणी ती घालायलाच विसरलंय. बटण दाबून धरा आणि चहा टाकून या, ट्रक विश्वाबाहेर गेलेला असतो. बटण सोडलं की जागच्या जागी शून्य. आणि शेवटी तीन कानांचा करंडक दाखवून इंग्रजीत लिहून येतं, 'यू आर विनर'. मधला 'अ' गायब, आणि उद्गारचिन्हाच्या आधी एक रिकामी जागा. गेमची परीक्षणं करणाऱ्या गेमस्पॉट साइटने याला दहापैकी एक दिला होता. त्याखाली द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

पोरगं लोळून लोळून हसलं. मीही हसलो, पंधरा वर्षं हसतोय तसाच. मग डोळे पुसत त्याने विचारलं, "मामा, याच्याहून भंगार काही आहे का तुझ्याकडे?"

तिथे गप्प बसलो असतो तर आत्ता झोपलेलो असतो.

जुनी हार्ड डिस्क काढली. 'झांकी' नावाचं फोल्डर. झांकी म्हणजे इंदूरच्या गणपती मिरवणुकीत मिल कामगार काढतात तो सजवलेला देखावा. मी आणि माझा मित्र बंड्या, आम्ही व्हीबी सिक्स या प्रोग्रॅमिंग भाषेत केलेला गेम, तोही २००३ चाच. वाटलं होतं चालणारच नाही, पण व्हीबीचे प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम अजूनही विंडोजबरोबर येतो. पहिल्या डबल क्लिकला उघडला. इतक्या वर्षांत एवढ्या मुकाट्यानं माझं काहीच उघडलेलं नाही, गॅरेजचं शटरसुद्धा नाही.

अनंत चतुर्दशीची रात्र. आपण मिलची झांकी ओढणारा ट्रॅक्टर. चिकमंगलूर चौराह्यावरून जेल रोड, मग कृष्णपुरा करत उजाडायच्या आत राजवाडा गाठायचा. मध्ये अखाड्याचे पहिलवान आडवे येतात. त्यांना धक्का लागला की आवाज येतो, "ओ भिया, सरक ना!" तो बंड्याचा आवाज आहे. दहा रुपयांच्या कॉलर माइकवर, त्यांच्या माडीवर, पंखा बंद करून रेकॉर्ड केलेला. पंखा बंद केला तरी मागे त्याच्या आईने भांडं आपटल्याचा आवाज आलाच. तो तसाच राहिला. म्हणजे दर धडकेला "ओ भिया, सरक ना" आणि मागे ठण्ण.

भाचा सगळ्यात जास्त या ठण्णला हसला.

"मामा, ही दुसरी झांकी हलत का नाही?"

"ते बंड्या करणार होता."

"मग?"

"परीक्षा आली."

हे खोटं नाही. अगदी खरंही नाही. असो.

मग मीच त्याला म्हटलं, उलटी ने. का म्हटलं कोण जाणे. गुण मोजायचं सूत्र बंड्याचं होतं, सुरुवातीच्या जागेपासून किती लांब गेलात तितके गुण. कुठल्या दिशेने, हे विचारायचं राहून गेलं. त्यामुळे झांकी मागे मागे भंडारी मिलकडे नेत बसलं तरी गुण वाढतच राहतात. पडद्यावर काळोख, नुसता आकडा पळतोय. बत्तीस हजार सातशे सदुसष्टला आला की खलास. आम्ही तो आकडा 'इंटीजर' नावाच्या छोट्या खणात ठेवला होता आणि व्हीबी सिक्सचा इंटीजर ३२,७६७ च्या पुढे मोजू शकत नाही. 'रन-टाइम एरर ६, ओव्हरफ्लो.' ओके दाबलं की खिडकी बंद. गेम संपला.

"मामा, तुम्ही इंदूरचे बिग रिग्ज आहात!" असं म्हणून पोरगं दिवाणावर आडवं झालं.

तरी ठीक होतं. मग त्याने सरळ खेळून राजवाडा गाठला आणि शेवटची पाटी आली. बंड्याने पेंटमध्ये माउसने लिहिलेली, थरथरती, लाल अक्षरं. 'आपन जिंकून गेलो !'

"आपन? आणि जिंकून गेलो? हे कुठलं मराठी आहे?" आणि मग ते वाक्य. "मामा, हे इतकं वाईट आहे ना, की भारी आहे."

माझंच वाक्य. दर शनिवारी याच दिवाणावर बसून मीच म्हणतो. त्याने ते प्रेमाने म्हटलं, मला कळतंय. मीही प्रेमानेच म्हणतो. मग टोचलं काय?

मघापासून कुरतडतोय. आधी वाटलं, भाषेचं असेल. 'हम जीत गये'चं 'जिंकून गेलो' आम्ही इंदूरच्या रामबागेतली मराठी पोरं सहज करायचो. पुण्याला गेलं की 'येऊन राहिलोय' म्हटल्यावर समोरच्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जे हलतं ते मी चाळीस वर्षं पाहतोय. त्याची सवय आहे. ते नाही.

मग वाटलं, माझ्या नियमाने मलाच पकडलं. मुद्दाम वाईट केलेला गेम आमच्याकडे चालत नाही. २०१४ चा तो बकरीचा गेम बघा, गोट सिम्युलेटर. चुका दिसल्या, लोक हसतायत म्हणून ठेवून दिल्या. ती हुशारी झाली. भंगार कसं पाहिजे, तर मनापासून, रात्री जागून, हे जबरदस्त होणार आहे या खात्रीने केलेलं. या हिशेबाने झांकी पहिल्या नंबरात बसते. मग हिशेब जुळला तर आनंद व्हायला हवा की नाही?

नाही झाला. कारण पंधरा वर्षांत बिग रिग्ज करणाऱ्यांचा विचार मी एकदाही केलेला नाही. कंपनी कॅलिफोर्नियातली, काम युक्रेनमध्ये करून घेतलेलं, एवढं मी पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवतो. पण तिथे कुठल्यातरी खोलीत कुणीतरी तो तीन कानांचा करंडक काढला असेल. इंग्रजी घरचं नसेल. 'यू आर विनर' लिहून, मागे सरकून, बरं दिसतंय असं शेजारच्याला म्हटलं असेल. शेजारचा ट्रक हलवायचं काम कुणाकडे होतं? त्याचं काय झालं असेल?

बंड्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली, झांकी बंद पडली नाही. कामगार वर्गणी काढून करतच राहिले. दर वर्षी आम्ही दोघं त्यांच्या मागे मागे रात्रभर. पडद्यावरचं ते धुराडं म्हणूनच आहे, त्यातून धूर येतो कारण बंड्या म्हणाला आला पाहिजे. कामगारांच्या थकबाकीचा चेक निघाला तो डिसेंबर २०२३ मध्ये. तोवर काकांनी… जाऊ दे. त्या ठण्णचं काकूंना सांगावं का, ऐकवावं का, हेही जाऊ दे.

चहा करून आलो. अडीच.

आता जरा हसू येतंय. ईटी आठवला. १९८२ चा, अटारी कंपनीचा, ईटी सिनेमावरचा गेम. वॉरशॉ नावाच्या एकट्या माणसाने पाच आठवड्यांत केला, इतका पडला की न विकलेल्या गेम-कार्ट्रिजचे ट्रक न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला नेऊन पुरले. २०१४ मध्ये उकरून काढले तेव्हा तो वॉरशॉ स्वतः तिथे उभा होता. पुढे काय झाला माहितीये? थेरपिस्ट. आज रात्री त्याचा नंबर हवा होता. पण त्याला तोंड कुठलं दाखवू? त्याला पाच आठवडे होते. आम्हाला अख्खं सेमिस्टर होतं, दोन डोकी होती, तरी दुसरी झांकी हलवता आली नाही.

आणि खरं सांगायचं तर गेम वाईटच आहे. ट्रॅक्टर चालतो तो बैलगाडीसारखा. राजवाड्याला सात मजले असतात, आम्ही पाच काढलेत. पाचव्यानंतर पडदा संपला.

डेडली प्रिमोनिशन या गेमचं मला हेच आवडतं. २०१० चा. आयजीएन या परीक्षणाच्या साइटने दहापैकी दोन दिले, डिस्ट्रक्टॉइड या दुसरीने दहापैकी दहा, गिनीज बुकात नोंद झाली या भांडणाची. कॉफीच्या कपात अक्षरं दिसणारा तो डिटेक्टिव. पहिले दोन तास तुम्ही त्याच्या गाडी चालवण्याला हसता. मग कधीतरी तो गाडीत एकटाच बडबडत असतो आणि तुम्ही हसायचं विसरलेले असता. नेमकं कधी, ते दाखवता येत नाही. भाचाही एकदा विसरला होता का? धुराडं आलं तेव्हा दोन सेकंद गप्प होता. की गराडू तोंडात होता?

हे लिहिताना फोन वाजला. भाचा रात्रीच्या बसने परत गेलाय, ताई गुरुवारपर्यंत आहे. मेसेज असा: "मामा झांकी पाठव ना प्लीज. होस्टेलवर सगळ्यांना दाखवायचीये. आणि तो ओ भिया कोण आहे? तो लेजंड आहे."

दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

मग पाठवायला गेलो तर मेल फाइल घेईना. ईएक्सई आहे, धोकादायक असू शकते म्हणे. झिप केली, तरी नाही. बंड्या ऐकून खूश झाला असता.

पेनड्राइव्हवर घातली आहे. ताईबरोबर जाईल, शेवेच्या डब्यात. भाच्याला लिहिलंय, स्पीकर मोठा ठेव, आणि उलटी नेलीस तर बत्तीस हजारांच्या आसपास हात काढ. आवाज कोणाचा ते फोनवर सांगेन म्हटलंय.

आता एकदा खेळून झोपतो.