चिमूटभर माठ

ज्वारी, भुईमूग, कपाशी यांचं बी हातात घेतलं की काहीतरी घेतल्यासारखं वाटतं. माठ या पालेभाजीचं तसं नाही. एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे, तेही काळेभोर, तुकतुकीत. तापीकाठच्या आमच्या काळ्या मातीत ते पडलं की नाही, हेच कळत नाही. मग माणूस खात्रीसाठी आणखी एक चिमूट टाकतो. आठवड्याभराने एका कोपऱ्यात ही गर्दी आणि बाकीचा वाफा टकला.

यावर शेजारच्या जिजींचा उपाय म्हणजे चुलीची राख. चाळणीने चाळायची आणि चिमूटभर बियाला वाटीभर कालवायची. राखेने हात फसतो. त्याला मूठभर टाकल्याचं समाधान, मातीत मात्र मोजके दाणे. शिवाय काळ्यावर करडी राख उठून दिसते. कुठे पडलं, कुठे राहिलं ते समजतं. गॅसवाल्या घरात बारीक वाळू चालते. कोरडी हं, ओल्या वाळूत बियांचे गोळे होतात. निम्मं बी उभं फोकायचं, निम्मं आडवं.

जिजी तरुणपणी चाड्यावर, म्हणजे पाभरीच्या बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायच्या. बैलांच्या चालीवर बोटांतून दाणे सोडत राहणं, ही पेरणीतली खरी कारागिरी. कौतुक मात्र बैलजोडीचं. तिळाच्या पेरणीला त्यांच्या मुठीतही वाळू नाहीतर चाळलेलं शेणखत असायचंच. एकराला जेमतेम किलोभर बी, नुसतं सोडलं तर चार ओळींतच संपायचं. जळगावच्या संशोधन केंद्राने ‘तापी’, ‘पद्मा’ अशी तिळाची नवी वाणं काढली, ही कालवाकालव मात्र तशीच राहिली.

वर माती लोटायची नाही. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट थर पुरे, म्हणजे माठाला जवळपास धूळच. तळहाताने दाबायचं, ओलं गोणपाट टाकायचं आणि पाणी त्याच्यावरूनच द्यायचं. थेट धार पडली तर सगळं बी वाहून कडेला जमतं. कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

भरिताच्या वांग्याचं रोप दाट झालं की बुडाशी कुजून आडवं पडतं, तिथे दयामाया नाही. माठ मात्र चालवून घेतो. बोटभर झाला की दाट जागेतला उपटायचा आणि लसूण-मिरचीवर परतायचा. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीशी ती कोवळी भाजी इतकी जमते की हल्ली मी एक कोपरा मुद्दाम दाट टाकते. जिजींना अजून सांगितलेलं नाही.