हाई मनं काम नही

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. चोपड्यातलं माझं दुकान म्हणजे एक गाळा: पुढे चपला, पट्टे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे पट्टे, मागे मशीन, आणि मशीनच्याही मागे पडद्याआड नानांची खाट. नाना म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. पण घरी बसवलं तर चिडचिड करतात, म्हणून सकाळी माझ्याबरोबरच दुकानात येतात.

बापू रिक्षातून उतरले तेव्हा त्यांच्या काखेत साखरेच्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. बापू सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका गावचे. जुना वाडा, केळीची शेती. त्यांनी पोतं माझ्या पाटावर सोडलं आणि फोनवर एक फोटो दाखवला. फोटोत एक गोरा माणूस तपकिरी चामड्याच्या बंडीत उभा. छातीवर काडतुसांच्या पट्ट्या, पाठीला मोठा खिसा.

"माझ्या नातवाचा शेजारी आहे. अमेरिकेत, विस्कॉन्सिनला. हरीण स्वतः मारलं, कातडं घरीच कमावलं, बंडीही घरीच शिवली. नातू म्हणतो, मलाही तशीच हवी. म्हटलं, आपल्याकडे काय कमी आहे? आमच्या वडिलांनी सहासष्ट साली मारलेलं चितळ माळ्यावर पडलंय."

पोत्यातून कातडं बाहेर आलं. पांढरे ठिपके अजून शाबूत, पण हात फिरवला की केस मुठीने झडत होते. गोळीचं भोक खांद्याशी.

खानदेशात शिकारीच्या गोष्टींना तोटा नाही. औट्रम या इंग्रज साहेबाने १८२५ साली धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि तो वाघांच्या मागे वेडा होता हे खरंच. पण वाड्या-वाड्यांतून ऐकावं तर प्रत्येकाच्या पणजोबाने साहेबाबरोबर एक तरी वाघ मारलेला असतो. साहेब १८३५ ला खानदेश सोडून गेला, तेव्हा पणजोबा कुठे होते हा हिशेब कोणी करत नाही. बापूंचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे निदान कातडं होतं.

"आणि ऐक," ते म्हणाले, "हे तुझ्याच नानांनी कमावलंय. म्हणून तर तुझ्याकडे आणलं."

पडदा हलला. नाना भिंतीला धरत बाहेर आले आणि पाटासमोर बसले. मी कातड्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी केसांकडची बाजू सोडूनच दिली, उलटी बाजू अंगठ्याने चोळली. घडी घालून पाहिली. घडीवर पुठ्ठ्यासारखा कडकड आवाज आला. मग मी थांबवायच्या आत त्यांनी टोक जिभेला लावलं. (जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून विषारी पूड चोळलेली असते. मी ओरडलो. त्यांनी लक्ष दिलं नाही.)

"हाई मनं काम नही," नाना म्हणाले.

बापू हसले. "नाना, वय झालं तुमचं. विसरलात."

"तुरटी शे हाई. तुरटी नी मीठ."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष ठिपक्यांवर. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आतून तांबूस असतं. हे पांढरट होतं. नानांनी मला कुंडीत पाणी भरायला लावलं. कातड्याच्या पायाकडचं एक टोक त्यात सोडलं आणि वर दगड ठेवला. चहा सांगितला, प्यायला, मग बापूंच्या आग्रहाखातर दुसरा सांगितला. टोक वर काढलं तर ते बुळबुळीत झालं होतं, कच्च्या चामडीसारखं, आणि वासही तसाच. तुरटीचं असंच असतं. कोरडं असेतो छान, मऊ, पांढरंशुभ्र. पाण्यात बुडालं की तुरटी धुऊन जाते आणि कातडं परत कच्चं होतं. सालीचं काम असं उलटत नाही. एकदा सालीचा रस आत मुरला की मुरला.

"सहासष्टलाच ना?" नाना म्हणाले. मग अहिराणीत सुरू झाले ते थांबेनात. त्यांना वाड्यावर बोलावणं आलं होतं, मागच्या दाराला. कातडं पाहून त्यांनी दहा रुपये सांगितले: चुना, साल, महिन्याची मेहनत. आतून निरोप आला, फार होतात. नाना उन्हात उभे राहून परत आले. ते कातडं गड्याने तुरटी लावून घरीच उरकलं, हे त्यांना पुढे गड्याकडूनच कळलं.

साठ वर्षं जुना हिशेब. बापू पोत्याची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. माझी मात्र पंचाईत झाली होती, कारण मला अजून मुख्य गोष्ट बोलायची होती.

"बापू, हे कोणाचंही काम असो, मी याला सुई लावणार नाही."

ते म्हणाले, हे कायद्याच्या आधीचं आहे. मी विचारलं, कागद कुठे आहे? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. कातडं कितीही जुनं असलं तरी परवान्याशिवाय त्याची वस्तू बनवणं गुन्हा, आणि ती देशाबाहेर पाठवणं आणखी एक गुन्हा. उद्या विमानतळावर बॅग उघडली तर नातू तुरुंगाच्या दारात आणि पुढची विचारपूस कोणाकडे? शिवणाऱ्याकडे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की ही गोष्ट माझ्या दुकानात रात्रभर राहणार नाही, फॉरेस्टच्या ऑफिसात नेऊन द्या. ते चिडले, आवाज चढला, शेजारचा मोबाईलवाला डोकावून गेला. शेवटी पोतं काखेत मारून निघाले. त्याचं पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

पण पायरीवरून नानांनी त्यांना हाक मारली.

"बकरानं करूत. मी सांगस, हाऊ करी."

म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची बंडी, नाना सांगणार आणि मी करणार. मला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

खरं सांगतो, मी कातडं कमावलं ते लहानपणी, नानांच्या हाताखाली. आता कोणी कमवत नाही, तयार माल येतो. खाटकाकडे बकऱ्याचं कातडं पूर्वीच्या मानाने मातीमोल झालंय. बंडीला बारा चौरस फूट तरी लागतं, खिसे धरून. एका बकऱ्याचं चार-पाच फूट निघतं. मी तीन घेतली. हंगाम बरोबर होता. आमच्या जळगावच्या मे महिन्यात हे करायला गेलात तर चुन्यात पडायच्या आधीच कातडं सडतं.

कातड्याला लावलेलं मीठ धुऊन काढलं, चुन्यात आठ दिवस, मग बोथट सुरीने केस, मग उलट बाजूचं मांस. चुना काढायला ज्वारीच्या कोंड्याचं आंबलेलं पाणी. नाना रोज बोट बुडवून चाटायचे, मी रोज ओरडायचो. मग बाभळीची साल: आधी पातळ पाणी, दर काही दिवसांनी घट्ट. पहिल्याच दिवशी मी लोखंडी घमेलं घेतलं आणि नाना कानाने ओळखून चुकले. लोखंडाला सालीचं पाणी लागलं की काळं पडतं, शाईसारखं. घमेलं फेकलं, प्लास्टिकचं टब आणलं. नाना म्हणत, खरं तर कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरून झाडाला टांगायचं, आत ओतत राहायचं, बाहेर पाझरत राहतं. माझ्या गच्चीत झाड नाही.

मध्ये एकदा नातवाचा व्हिडिओ कॉल आला. नानांना दिसणार काही नव्हतं, पण फोन त्यांनी हातात घेतला. तिकडचा शेजारी कसं कमावतो, हे त्यांना ऐकायचं होतं. नातू म्हणाला, हरणाचाच मेंदू पाण्यात कालवून कातड्याला चोळतात. तिकडे म्हण आहे की प्रत्येक जनावराच्या डोक्यात त्याचं कातडं कमावण्यापुरता मेंदू असतोच. मी हसलो. नाना हसले नाहीत.

"आनि पानी लागनं तं?"

पाणी लागून कडक होऊ नये म्हणून शेवटी धुरी देतात, नातू म्हणाला. कातड्याची पिशवी करून खालून कुजक्या लाकडाचा धूर.

"पिशवी," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे तोंड केलं. बघ, सांगत होतो ना, असा चेहरा.

एरंडेल लावून, ओढून-ताणून कातडी मऊ झाली तेव्हा डिसेंबर संपत आला होता. आधी जुन्या चादरीची बंडी कापून टाचली, नातवाच्या मापाने. कापडावर चुकलं तर उसवता येतं. चामड्याला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, म्हणून टाचण्याही लावायच्या नाहीत, कपड्यांचे चिमटे लावायचे. पुढचे दोन्ही पाख पाठीच्या कण्यालगतच्या भागातून काढायचे, कारण पोटाकडचं कातडं लवतं आणि महिन्याभरात बंडी एका बाजूने लोंबते. हे सगळं मला माहीत. नानांनी वर शंभरदा सांगितलेलं.

आणि तरी मी दोन्ही पाख डावे कापले.

फर्मा उलटवायचा विसरलो. कापडाला उलट-सुलट सारखंच, त्यामुळे चादरीत ते कळलंच नाही. रापीने, म्हणजे चामडं कापायच्या सुरीने, शेवटचा वळसा घेतला, दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि पोटात खड्डा पडला. मी काही बोललो नाही. तुकडे हळूच गुंडाळू लागलो.

"काय झायं?" खाटेवरून.

"काही नाही."

"रापी थांबनी तुनी."

सांगावं लागलं. मला वाटलं शिव्या पडतील. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले की त्यांनी एकदा मोटेची, म्हणजे विहिरीचं पाणी उपसायच्या चामडी पिशवीची, सोंड उलटी शिवली होती, आणि मोट भरून वर आली ती विहिरीवरच्या सगळ्यांच्या देखत विहिरीतच रिकामी झाली. ही गोष्ट मी पन्नास वर्षांत पहिल्यांदा ऐकली. चौथं कातडं कमवायला वेळ नव्हता. चुकलेल्या पाखाचा पाठीचा खिसा झाला आणि उजवा पाख मी उरलेल्या कातड्यातून काढला, खांद्याकडे जोड देऊन. जोड दिसतो. मला तरी दिसतो.

मशीनवर शिवायचं माझ्या मनात होतं. नाना नाही म्हणाले. मशीनचे टाके बारीक घातले तर चामडं टाक्यांच्या रेषेवर फाटतं, पोस्टाच्या तिकिटासारखं. मग आरीने एकेक भोक, मेण लावलेला दोरा, दोन सुया, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. काडतुसांच्या पट्ट्यांची मापं नातवाने पाठवली होती. काडतूस मी जन्मात पाहिलेलं नाही, म्हणून मुलीचं स्केचपेन मापाला घेतलं. चार दिवस लागले. खांद्याचे शेवटचे टाके नानांनी घातले, बोटांनी भोकं चाचपत. त्यांचे टाके माझ्यापेक्षा सरळ आले.

जानेवारीत नातवाचे आईवडील तिकडे गेले, त्यांच्या बॅगेतून बंडी गेली. बापू पैसे द्यायला आले तेव्हा त्यांनी दहाची एक नोट वेगळी काढून नानांच्या हातावर ठेवली. नानांनी बोटाने चाचपली, दहाचीच ना, असं मला विचारलं आणि खिशात घातली.

पुढच्या नोव्हेंबरात, तिकडच्या बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम लागला तेव्हा, फोटो आला. नातू बर्फात उभा, आणि अंगावर भडक नारिंगी जाळीचं जाकीट. बंडी कुठेच दिसेना. फोन केला तर म्हणाला, काका, आत आहे. इथे कायदा आहे, शिकाऱ्याच्या कमरेच्या वरच्या कपड्यांचा निम्मा तरी भाग नारिंगी नाहीतर गुलाबी लागतो. हरणाच्या रंगाची बंडी घालून झाडीत फिरलो तर मलाच कोणीतरी गोळी घालेल.

नानांना फोटो समजावून सांगितला. बर्फ, झाडं, नारिंगी जाकीट.

"शिवन दिखस का?"

"नाही. झाकली गेलीय."

ते थोडा वेळ पडून राहिले.

"मंग त्याले इचार, कथी उसवनी का."

मी मेसेज टाकला. तिकडे रात्र होती.