चिडका बिब्बा

गोव्यातल्या म्हापशाहून निघाल्यापासून माझं लक्ष नामापेक्षा डाव्या टाचेकडेच जास्त. आषाढात नवे बूट घालून दिंडीला येणारा शहाणा मी एकटाच. पाऊस, ऊन, परत पाऊस. मोजे चिंब, फोड टम्म. मागून एक जण मोबाइलवरचे अभंग साऱ्या दिंडीला ऐकवत होता. आमचे टाळ काय तोंडी लावायला होते?

अस्नोडा, मुळगाव कधी गेलं कळलं नाही. डिचोलीच्या पुढे मात्र रस्त्याच्या कडेलाच बसलो. सांखळी अजून आठेक किलोमीटर. ‘ज्ञानबा तुकाराम’ वळणाआड विरत गेलं. मागून येणाऱ्या एका मावशीनं न विचारताच पाय मांडीवर घेतला, सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला, दोरा तसाच आत ठेवला, वर खोबरेल चोळलं. मी नाव विचारेपर्यंत ती चार पावलं पुढे.

तरी टाच टेकवेना. तेवढ्यात झांजवाला पोरगा उलटा फिरून आला. असेल नऊ वर्षांचा. मला न्याहाळून म्हणाला, “काका, एका पांयार चल. म्हजो खांदो धर.”

सेहेचाळिसाव्या वर्षी, भर हमरस्त्यात, लंगडी! बूट गळ्यात लटकलेले, पाठीवर पिशवी आपटतेय. पण डावा पाय असा काही मागे दुमडला, जणू चौथीची घंटा आत्ताच झाली. शाळेच्या पटांगणातून विहिरीपर्यंत मी पाय न टेकता जायचो. पोरगा उड्या मोजत होता. पंचवीस म्हणाला.

“सत्तावीस झाल्या.”

“पंचवीस.”

“अरे, मी मोजतोय ना!” मी ओरडलोच. पोरगा खांदा काढून घेऊन खो खो हसायला लागला आणि मी धुमसत एका पायावर डुलत उभा. शाळेत मला सगळे चिडका बिब्बा म्हणायचे. हरलो की पाटी फेकायचो. इतकी वर्षं मी स्वतःला गरीब, शांत मुलगा समजत आलोय. बायकोलाही तसंच सांगितलंय.

शेवटी सव्वीसवर तडजोड झाली. पुढे थोडं चालत, थोडं लंगडत कारापूर गाठलं.

सांखळीजवळच्या विठ्ठलापूरला, विठोबाच्या देवळात रांग, ढकलाढकली, दर्शन. समोर गेल्यावर काही मागायचं सुचलंच नाही. वाळवंटी नदीच्या पाण्यात पाय सोडून बसलो तेव्हा पोरगा कुठे दिसला नाही.

द्वादशीला माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळात गेलो. टाच ठणकत होतीच. आत देवकीच्या कडेवर कृष्ण, बाहेर पटांगणात चिखलकालो, चिखलातल्या खेळांचा उत्सव. अंगाला तेल फासलेले आजोबे पोरांसारखे चिखलात लोळत होते. ‘पाय दुखतोय’ म्हणत मी कडेला उभा राहिलो, दहा मिनिटं. मग चेंडूफळीत कुणीतरी उघड उघड लबाडी केली.

संध्याकाळी आईला फोन केला. चिखलाचं सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तरची. जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “आणि भांडलास कोणाशी?”