पंधरा वर्षे झालेल्या मोटारीचे पासिंग आणि तिची सुरक्षा-साधने: माझा अनुभव

आमची पेट्रोलवर चालणारी मोटार २००९ साली रत्नागिरीत नोंदवलेली असल्यामुळे २०२४ मध्ये तिच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपत आली. खासगी मोटारीची नोंदणी पुढे पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी नमुना २५ मधील अर्ज, एप्रिल २०२२ पासून लागू झालेले पाच हजार रुपये शुल्क, पर्यावरण कर, चालू विमा व पीयूसी एवढे जमवावे लागते आणि गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. अर्जाचे काम ‘परिवहन’च्या संकेतस्थळामुळे बरेच सुटसुटीत झाले आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही. निरीक्षक चासी नंबर, दिवे, हॉर्न, वायपर, टायर पाहतो. पण सीट बेल्ट ज्या पत्र्याला बोल्टने जखडलेला असतो तो पत्रा गालिच्याखाली दडलेला असतो आणि तो पाहणे मालकाच्याच हाती असते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी गाडीतील सुरक्षेची सगळी साधने उघडून पाहायची, असे मी ठरवले.

सुरुवात बेल्टच्या बुडापासून केली. किनाऱ्यावरची खारी हवा, चार महिने न थांबणारा पाऊस आणि एसीची नळी तुंबली की डाव्या बाजूला पायाखाली झिरपणारे पाणी, यांमुळे कोकणातल्या जुन्या गाडीचा तळ वरून कळत नाही इतका आतून गंजलेला असू शकतो. पुढच्या सीटा काढून गालिचा उचलला तेव्हा उजवी बाजू स्वच्छ निघाली. दोन दारांमधल्या डाव्या खांबाच्या बुडाशी मात्र, बेल्टची रीळ बसते त्याच्या अगदी जवळ, पत्र्याला पापुद्रे सुटलेले होते. पत्र्याचे काम करणाऱ्याने पुटी भरून वर काळा रंग मारून देण्याची तयारी दाखवली. दाराच्या बाहेरच्या अंगाला ते चालले असते, पण धडकेच्या क्षणी या एका बोल्टवर माणसाच्या वजनाच्या कितीतरी पट ओढ येते आणि पुटी त्या ओढीला काही म्हणजे काही उपयोगाची नाही. म्हणून गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर सोडून रीळ काढून ठेवली, कारण आमच्या गाडीच्या रिळीत बेल्ट क्षणार्धात आवळणारा प्रीटेन्शनर आहे आणि त्यात स्फोटक द्रव्याची लहानशी कुपी असते.

बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या कडा तपासल्या. कुठे दशा निघालेल्या नव्हत्या, पण सोडल्यावर बेल्ट मागे जाण्यास कुचराई करीत होता. वरच्या कडीत घामाचा व धुळीचा थर साचल्याने असे होते. कडी पुसून, पट्टा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवल्यावर तो नीट जाऊ लागला. ब्लीच वापरू नये, त्याने धागे कमजोर होतात. मागच्या सीटचे बेल्ट तर कोरे करकरीत होते, कारण कव्हर शिवणाऱ्याने त्यांची बक्कले कव्हराखाली गाडून टाकली होती! हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे की कोणाला खटकतही नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर बेल्टविना बसलेले होते, आणि त्यानंतर काही काळ तरी मागच्या बेल्टची चर्चा घरोघरी झाली. मी कव्हराला चिरा पाडून बक्कले वर काढून घेतली.

एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझला पाहिजे. आमचा विझत नव्हता, आणि हॉर्नही अधूनमधून मुका होई. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की संशय स्टिअरिंगमागच्या क्लॉक स्प्रिंगवर जातो. स्टिअरिंग फिरत असताना एअरबॅगला व हॉर्नला वीज पोहोचवणारी ती गुंडाळलेली पट्टी वर्षानुवर्षांच्या वापराने तुटते. दिवा जळत असताना एअरबॅग उघडेलच याची खात्री राहत नाही. एका गॅरेजवाल्याने दिवाच काढून टाकण्याचा स्वस्त उपाय सुचवला होता, यावरून पासिंग आणि सुरक्षा यांतले अंतर लक्षात यावे. मी नवी क्लॉक स्प्रिंग बसवून घेतली. सोबत उत्पादकाच्या संकेतस्थळावर सतरा अंकाक्षरांचा चासी नंबर टाकून रिकॉलची, म्हणजे सदोष भागामुळे उत्पादकाने गाडी परत बोलावली आहे का याची, चौकशी केली. टाकाता कंपनीच्या एअरबॅगांतील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत कालांतराने बिघडते आणि मग आवरण फुटून धातूचे तुकडे उडतात, म्हणून जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. भारतातही बोलावल्या गेल्या. दमट किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही चौकशी करावीच. आमचा नंबर त्या यादीत नव्हता.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर मात्र ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. आंबा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला आणि ऑइल उकळून वाफ झाली, तर पेडल नुसतेच खाली जाते. आमचे ऑइल चहासारखे तांबूस झाले होते, ते पूर्ण बदलले. टायर कधी बनले हे सांगणारे त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचताना स्टेपनीवर ‘०९०९’ दिसले, म्हणजे २००९ च्या नवव्या आठवड्यातले टायर. नक्षी पूर्ण शाबूत, पण रबराला बारीक तडे गेलेले; नक्षीच्या किमान १.६ मिलिमीटर खोलीच्या निकषात ते आरामात बसले असते, तरीही बदलले. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात होता. आतली पावडर दाबून बसू नये म्हणून तो अधूनमधून उलटा करून हलवावा लागतो.

प्रत्यक्ष तपासणी लवकर आटोपली. निरीक्षकांनी चासी नंबर पडताळला, दिवे लावून पाहिले, हँडब्रेक ओढायला सांगितला. गालिचा उचलण्याचा प्रश्नच नव्हता. नोंदणी आता २०२९ पर्यंत आहे, पण ब्रेक ऑइल त्याआधी २०२६ आणि २०२८ मध्ये बदलावे लागेल, आणि डाव्या खांबाचे बूड दर पावसाळ्यानंतर उघडून पाहायचे आहे.