अस्तर

आमच्या सहकारनगरच्या घरामागे एक लाकडी शेड आहे. बाबांनी फार वर्षांपूर्वी भोसरीहून मशीनच्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या आणून ती ठोकली. आत फावडं, झारी, खताची पोती आणि कुणीच चालवत नाही अशी एक सायकल. यंदा मे महिन्यात ती रंगवायचं मनावर घेतलं.

बोहरी आळीत हिरवा ऑइल पेंट मागितला. दुकानदारानं विचारलं, "अस्तर मारलंय?" म्हटलं, "नाही, थेट रंगच." त्यानं डबा काउंटरवरून मागे ओढला. "लाकूड पिऊन टाकेल सगळा." मग मुकाट्यानं वुड प्रायमरही घेतला.

अस्तर हा शब्द मला आईच्या शिवणयंत्रामुळे ठाऊक. लाकडाचंही तसंच निघालं. कोरडी फळी रंगातलं तेल शोषून घेते आणि वर नुसती भुकटी उरते. अस्तर आधी तिची तहान भागवतं. सगळ्यांत अधाशी फळीची कापलेली टोकं. पाणी वर चढायच्या बारीक नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात. तिथे दोन हात मारले. गाठींमधली राळ उन्हानं पाघळून रंगावर पिवळी उमटते, म्हणून त्यांच्यावर आधी स्पिरिटमधला चपडा फिरवला. त्याच्याही आधी पॉलिश पेपरनं घासणं होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं, खांदा अजून बोलतोय.

तापल्या फळीवर रंग वरून सुकतो, आतून ओला राहतो आणि पुढे फुगतो. म्हणून सकाळी पश्चिमेची बाजू, दुपारी पूर्वेची, असा मी सावलीमागे फिरत राहिलो. त्यात वळवाची धास्ती. मे महिन्यात चारच्या सुमाराला आभाळाकडे न बघता ब्रश बुडवणारा माणूस पुण्यात नवा असावा.

पांढरं अस्तर चढल्यावर शेड इतकी गोड दिसली की बायको म्हणाली, "अशीच ठेवू या." पण नुसतं अस्तर उन्हापावसात टिकत नाही. तिसऱ्या दिवशी हिरवा रंग चढवला, तीनही बाजूंना. चौथी कंपाउंडच्या भिंतीकडे, हातभर बोळात. तिथे कोण बघतंय?

संध्याकाळी आई काठी टेकत आली. पुढून बघितलं, बोटानं दार दाबलं. शिवलेला ब्लाउज उलटा करून बघायची तिची जुनी सवय. तशीच ती बोळात शिरली.

बाहेर येऊन म्हणाली, "डबा संपला का रे?"