निरंक

"म्याडम, माका पैशातला कायएक म्हायत नाय. तां सगळां तेंकाच म्हायत."

कणकवलीतल्या माझ्या ऑफिसात घटस्फोटाची केस घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक बाई आधी हेच सांगते. ही देवगडकडची. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज लावलेला, ती मुलीला घेऊन वर्षभर माहेरी. आम्ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी मागितली. त्यावर नवऱ्याचं शपथपत्र आलं: मजुरी करतो, महिना 9,000 रुपये. सोबत सातबारा.

कोकणातला सातबारा ज्याने वाचलाय त्याला वेगळं सांगायला नको. एका गटावर सत्तावीस नावं, आजोबांच्या पिढीपासून वाटप नाही, ह्याच्या वाट्याला हिशोबाने सहा-सात गुंठे. इन्कम टॅक्सचं रिटर्न नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच लागत नाही. बँकेच्या खात्यात दोन-अडीच हजार. कागदावर माणूस गरीबच दिसत होता.

नोव्हेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं, की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि कर्ज शपथेवर उघड करायचं. शेतीवाल्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. पीक कोणतं, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न किती, दुसऱ्याची जमीन कराराने घेतली आहे का, सगळं विचारलंय. नवऱ्याने तो भरलाच नव्हता. भरायला लावा असं कोर्टाला म्हणता येतं, पण नुसत्या संशयावर किती ताणणार? हातात काहीतरी धागा हवा.

म्हणून त्या दिवशी मी पैशाचं विचारणंच सोडलं. आंब्याच्या सीझनात पहाटे किती वाजता उठायचात, चूल कधी पेटायची, किती जणांचं रांधायचात, तेवढंच विचारलं.

"चैतात वीस-बावीस पानां. आठ नेपाळी, बाकीचे वाडयेतले."

सात गुंठ्यांत वीस-बावीस माणसं काय करतील?

"सात गुंठे खंयचे? पाच बागो कराराक घेतलेल्यो."

कुणाच्या बागा, कधीपासून, कुठे आंब्याची किती कलमं, ती बोटांवर मोजत सांगत गेली. मी लिहीत गेले. पेट्या कोण भरायचं? ती आणि सासू. पेटीवर छाप? तीच मारायची. आणि रात्री गाडीत किती पेट्या चढल्या ते कोण टिपून ठेवायचं?

ती थांबली. "मीच लिवी होतंय."

चार दिवसांनी ती पिशवी घेऊन आली. मुलीच्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, सुईदोऱ्याने शिवून केलेली वही. तारीख, बाग, चार डझनी किती, सहा डझनी किती. पानांमध्ये वाशी बाजारातल्या दलालाच्या हिशोबाच्या पट्ट्या खोचलेल्या: पेट्या, भाव, मग हमाली, भाडं, आधी दिलेली उचल वजा करून हाती राहणारी रक्कम. एका पट्टीवर 62 पेट्या होत्या आणि वहीत 63. मी जरा चपापले. तिने त्याच ओळीच्या कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं दाखवलं: "1 फुटली."

नवऱ्याचा मोबाईल उघडून, पासवर्ड काढून काही आणू नका, असं मी प्रत्येक अशिलाला बजावते. इथे तशी गरजच नव्हती. माहेरी येताना तिने आपल्या हातची वही आपल्या सामानात घेतली होती, पट्ट्या त्यातच होत्या.

मग तिचं शपथपत्र. मी मसुदा वाचून दाखवत होते. पत्नीचे उत्पन्न: निरंक. हा शब्द वर्षानुवर्षं टाइप होत आलाय, हाताला सवय झालेली. तिने मला थांबवलं.

"मी काजू सोलतंय, तेचे पैशे माका गावतत. मगे तुमी 'काय नाय' कशाक लिवलास?"

मी वर बघितलं. तिची बोटं टेबलावरच होती, काजूच्या चिकाने काळी पडलेली, नखांच्या कडेची कातडी सोललेली. त्याच बोटांनी ती तासभर माझ्यासमोर पानं उलटत होती आणि मी फक्त पानं बघत होते. मला फार लाज वाटली. "निरंक" खोडून साडेचार हजार लिहिले. बचत गटातली तिची शिल्लकही तिने सांगून लिहायला लावली.

एवढ्यावर ती थांबली नाही. पट्टीवरची रक्कम म्हणजे नवऱ्याचं उत्पन्न नव्हे, हे तिनेच बजावलं. फवारण्या, बागमालकांना द्यायचे कराराचे पैसे, रिकाम्या पेट्या, राखणदार, गड्यांचा पगार. ज्या साली मोहोर गळला त्या साली हातात काय उरलं, तेही. स्वतःची मागणी कमी होईल असा हिशोब ती मला लिहून देत होती, आणि मी एकही आकडा गाळला नाही. घटस्फोट झाला म्हणून आपल्याकडे बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा आपोआप मिळत नाही. पोटगी ठरताना त्याची खरी मिळकत बघितली जाते, म्हणून ती मिळकत खरीच मांडायला हवी.

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, सुनावणीत समोरच्या वकिलांनी पहिल्यांदा काजूच काढला. बाई कमावते, हे लपवलंय, असं त्यांचं म्हणणं. न्यायाधीशांनी शपथपत्राचं पान उलटलं आणि म्हणाले, लिहिलंय की इथे. मग मी वही आणि पट्ट्या पुढे ठेवल्या, तीन सीझनच्या सगळ्या पट्ट्या आणि करारपत्रं हजर करावीत असा अर्ज दिला. तो मंजूर झाला. पुढच्या तारखेला नवऱ्याचं नवं शपथपत्र आलं, शेतीच्या नमुन्यातलं. त्यात पाचही बागा होत्या.

बाहेर व्हरांड्यात मी तिला ते वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तिसऱ्या बागेची कलमं कमी लिहिली आहेत.

मोजून सांगितली. मी टिपून घेतली.